विकायच्या घराची तुळई

शाळेत मी दोन पावसाळे गेलो. पंतोजीनं कान पिळला म्हणून उठून आलो आणि पुन्हा पाऊल टाकलं नाही. अक्षर वेडंवाकडं आहे, पण जे लिहितो ते खरं आहे.

बडनेऱ्याजवळ आमचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची. कापसाला सोन्याचा भाव आला होता ते दिवस. जो तो कापूस पेरत होता आणि आमच्या भाज्यांना हसत होता. मग आगगाडीची सडक आली, ती नेमकी मळ्यातून गेली. विहीर बुजवली. राहिलं फक्त घर.

आम्हाला एकच मुलगी, अकोल्याला दिलेली. जावईही माळीच. त्यानं निरोप पाठवला, "मामाजी, मळा मोठा हाय, हात कमी हायत. दोघंबी या." मुलीचे दिवस भरत आले होते, चैतात बाळंत व्हायची होती. तिच्या घरात सासू नाही, नणंद नाही, आणि बैलगाडीचा प्रवास तिला झेपणार नव्हता. माझ्या बायकोला घाई होती ती त्याची. चैताच्या आत तिला अकोल्याला पोचायचं होतं, बाकी कशात तिचा जीव नव्हता.

घराला गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत आलं. कापसाचा व्यापारी होता, सडकेजवळ वखार बांधायची होती त्याला. उंबऱ्याच्या आतही आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "भाऊ, जसं हाय तसं द्या. मले जागा पायजे. घराचं मी का करू?"

घराचं मी का करू! माझ्या बापानं गाढवावर माती आणून त्या भिंती घातल्या होत्या. मला ते फार झोंबलं. "महिन्यानं या," मी म्हणालो.

बायकोनं तर त्याच दिवशी गाठोडं बांधलं होतं.

"आवो, तो घेऊन राहिला तर द्या ना. काहून थांबता?"

"तुळई उधईनं खाल्ली. धाबं झुकलं. असं घर इकून जावयाच्या दारात गेलो तर गाव का म्हणन? मातीचा ढीग इकून आला म्हणन."

"गाव तुमाले जेवाले घालते का?"

"तू चूप राय. आठ दिवसाचं काम हाय."

"तुमचे आठ दिवस म्या पायले हायत. ईर खांदाले घेतली तवाबी आठच होते."

मी हसलोही नाही.

आमच्याकडचं धाबं म्हणजे सपाट मातीचं छत. खाली तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, मग पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळली झाडं, पळसाची पानं, माती, आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवायची. तुळई बदलायची तर हे सगळं उतरवावं लागतं. माघात एक सुतार आणि चार गडी लावले. दोन दिवसांत छत मोकळं झालं, तुळई खाली आली. मुलगी तान्ही असताना तिचा पाळणा याच तुळईला टांगलेला असायचा. बायकोनं सुताराला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गडी आलेच नाहीत. दोघं सडकेच्या भरावावर गेले, दोघं कापूस वेचायला. तिथं रोजच्या रोज रोकडा मिळत होता. मी दारोदार फिरलो. एक जण तोंडावर म्हणाला, "बुवा, इकाच्या घराले छत घालता, तुमाले काई कामधंदा नाई का?" त्याच्याशी मी पुन्हा बोललो नाही. शेवटी सुतारानं नवी तुळई तेवढी चढवून दिली आणि मी एकटाच माती वाहू लागलो.

चूल गोठ्यात गेली. निजणंही तिथंच. थंडी पडली तसं तिनं गाठोडं सोडून वाकळ काढली. पुढं तवा काढला, मग लुगडं. दर वेळी गाठ पुन्हा तितकीच घट्ट मारायची.

"झालं का?" रोज विचारायची.

"होऊन राहिलं."

फागुनात एका दुपारी गारा आल्या. घर वरून उघडंच होतं. कणगीतली ज्वारी भिजू नये म्हणून ती आत धावली. मी नव्या तुळईवर पऱ्हाट्या झाकत बसलो होतो. तिला आत जाताना मी पाहिलं, पण हाक मारली नाही. बाहेर आली ती कुडकुडतच. ताप चढला. गोठ्याच्या कुडातून वारा येत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चैत लागला का?" नव्हता लागला. संध्याकाळच्या आत ती गेली.

पाच-सहा दिवसांनी जावई गाडी घेऊन आला. हातात साखरेची पुडी. मुलगी झाली होती, दिवस भरायच्या थोडं आधीच. माझं बोडकं डोकं पाहून तो दारातच थांबला. पुडी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. मीही हात पुढं केला नाही.

मी धाबं पुरं केलं. जावई म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता, मामाजी." मी ऐकलं नाही. पांढरी माती एकट्यानं चोपली, उतार असा काढला की थेंब थांबला नसता. मग घर विकलं. आधी म्हणाला होता तितकेच पैसे व्यापाऱ्यानं दिले. वर पाहिलंसुद्धा नाही. माझी गाडी जुंपून व्हायची होती, तोच त्याचे गडी वर चढले. पहिली कुदळ त्यांनी धाब्यात मारली.

अकोल्यात मुलीनं आईचं गाठोडं सोडलं. तळाशी फडक्यात लोखंडी कडी निघाली, पाळण्याची. तिच्या आईनं सुताराकडे हळूच तीच मागितली होती.

"बाबा, आईले आधीच काहून नाई आणलं?"

"घराचं काम निघालं होतं."

"इकाच्या घराचं?"

मी बैलांना पाणी दाखवायला बाहेर गेलो.

जावयानं ती कडी आपल्या तुळईला ठोकली. त्या नातीला आता लेकरं झाली, तीही त्याच कडीला झोपली. घरातले म्हणतात, बुवा, आत निजा, बाहेर गारवा हाय. माझी खाट ओसरीवरच असते.