किर्स्टनचं तिसऱ्यांदा विचारणं

आमच्या मिनेसोटात कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगीच त्रास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप' म्हणून दोन कप रिचवायचे. पहिल्या झटक्यात 'हो' म्हणणारा एक तर परगावचा, नाही तर हावरट. बशीतला केकचा शेवटचा तुकडा तर कुणी अख्खा उचलतच नाही. जो तो त्यातला अर्धा कापून घेतो, आणि उरलेला कण दुपारभर तसाच पडून राहतो.

किर्स्टन ओडेगार्ड आमच्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून आली ती काही हौसेने नाही. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं आणि सरकारी योजना अशी होती, की काही वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करा, कर्ज माफ. बाळंतिणींकडे नर्सा आपणहून धावतात, आमच्याकडे यायला मात्र त्यांना आमिष दाखवावं लागतं. मला हे कळलं तेव्हा राग आला होता, आणि अजूनही येतो.

"म्हणजे तूसुद्धा शिक्षा भोगायला आलीस तर!" आमचा ऑर्विल तिला पहिल्याच दिवशी म्हणाला. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला हा माणूस, जीभ पान्ह्यासारखी. "फरक एवढाच, तू जिवंत सुटशील."

"तुमचा काय भरवसा, ऑर्विल? तुम्ही मलाही पोचवून याल," किर्स्टन म्हणाली. त्या दिवसापासून तो तिच्याच हातून गोळ्या घ्यायला लागला.

बाकीच्या नर्सा विचारायच्या, "दुखतंय का, आर्लिस?" मी म्हणायची, "छे, छे." त्या तसं लिहून निघून जायच्या. किर्स्टन विचारायची, मग पांघरूण नीट करता करता पुन्हा विचारायची, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळायची. "आणि आता खरं सांगा." तेव्हा कुठे माझी कंबर बोलायला लागायची. त्या तिसऱ्या विचारण्याची मी दिवसभर वाट बघायची.

यंदा तिची मुदत भरली, कर्ज माफ झालं. शहरातलं एक मोठं इस्पितळ तिच्या मागे लागलं. आमची व्यवस्थापक ग्लोरिया मूळची टेक्ससची, मनाची चांगली, पण सरळसोट. तिने किर्स्टनला बोलावून विचारलं, "राहशील का?"

"नको, माझ्यासाठी कशाला एवढं," किर्स्टन म्हणाली.

ग्लोरियाने ते खरं मानलं आणि निरोपाचा केक सांगून टाकला!

किर्स्टन माझ्या खोलीत आली आणि उशी अशी बदडायला लागली, की मीच बाजूला सरकले. "तिने पुन्हा विचारलंच नाही, आर्लिस."

"विचारलं असतं तर?"

ती कानापर्यंत लाल झाली. मी वॉकर उचलला आणि तडक ऑफिस गाठलं.

"अहो, पण ती नको म्हणाली," ग्लोरिया म्हणाली.

"ते पहिलं 'नको' होतं, बाई!"

"मग असतात तरी किती?"

दुपारी कॉफीच्या वेळी, सगळे निरोपाचा केक खात असताना, बिचारीने सर्वांसमक्ष पुन्हा विचारलं. किर्स्टन म्हणाली, "छे हो, तुम्हाला माझ्याहून चांगली कुणी मिळेल." ग्लोरियाने हात टेकले. "दोनदा विचारलं. आमच्या टेक्ससात याच्यापुढे विचारलं तर त्याला छळ म्हणतात," असं पुटपुटत ती खुर्चीवर बसली.

तिसरं विचारणं तसंच लोंबकळत राहिलं. जो तो आपल्या कपात बघत होता. मी आयुष्यात कुणाकडे मीठसुद्धा मागितलेलं नाही. पण ही गेली तर मी 'छे, छे' म्हणतच मरणार, हे मला स्वच्छ दिसलं आणि मी घाबरले.

"किर्स्टन, राहा," मी म्हणाले. "मला तू हवी आहेस."

ऑर्विलने काटा खाली ठेवला. "हे तिसरं विचारणं धरायचं."

"बरं, एवढा आग्रहच असेल तर," किर्स्टन म्हणाली. डोळे तिने बाहीला पुसले. "पण एक अट आहे. आता कर्ज नाही, शिक्षा नाही. तीन-तीनदा विचारायचा मला कंटाळा आलाय. आर्लिस, कंबर दुखतेय का?"

'छे, छे' अगदी ओठांवर आलं होतं.

"दुखतेय," मी म्हणाले. "फार दुखतेय गं."

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं.

"हावरट कुठली," ऑर्विल म्हणाला, आणि बशीतला शेवटचा तुकडा त्याने न कापता, अख्खा माझ्यापुढे सरकवला.