बघितलेलं इंग्रजी

नगर जिल्ह्यात इंग्रजीचे क्लास पावलोपावली सापडतील, पण इंग्रजी यावं म्हणून विद्यार्थ्यांना कांद्याच्या लिलावाला पिटाळणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि देवाची करणी बघा, तो नेमका माझा साडू निघाला. केडगावात पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्याचा ‘ॲडव्हान्स’ क्लास चालतो. परदेशी निघालेल्या नर्स, इंजिनियर असे सगळे मोठ्या आशेनं जिना चढतात आणि पहिल्याच दिवशी चक्रावतात. कारण तिथे साधं वाक्य चालत नाही. ‘मी दमलो’ म्हटलं की हा विचारणार, “कशासारखा?” बरं, उपमा पुस्तकातली नको. एका इंजिनियरने ‘सिंहासारखा शूर’ असं लिहिलं, तर साडू कडाडला, “सिंह कुठं बघितला रं तू? केडगावात? मार्केट यार्डात जा, काहीतरी बघितलेलं घेऊन ये!” तो बिचारा गेला आणि परत येऊन इंग्रजीत म्हणाला, “बोली न लागलेल्या कांद्याच्या ढिगासारखा मी एकटा बसलो होतो.” साडूनं आनंदानं सगळ्या क्लासला चहा पाजला.

चर्चमध्येही त्याला धीर निघत नाही. उपासना संपली की उपदेशातल्या उपमांवरून दारातच पाळकसाहेबांना गाठतो. “मेंढपाळ ठीक हाय हो, रस्त्यानं मेंढरं जात्यात. पण जैतुनाचं झाड हितं कुणी बघितलंय? बाभळ म्हणा की!” तेव्हापासून पाळकसाहेब त्याच्याशी हात मिळवतात, पण घाईघाईनं. घरात मात्र त्याची डाळ शिजत नाही. माझी मेहुणी आजतागायत ‘ताट उचला’ यापलीकडे अलंकारिक बोललेली नाही.

आम्ही सगळे त्याची भरपूर टिंगल करायचो. मग त्याच्या लेकीची, एस्तेरची, परीक्षा आली. पोरगी नर्स, आयर्लंडच्या दवाखान्यात नोकरी ठरलेली, पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत एकदा आपटली होती. सगळं पाठ करून गेली आणि ऐन वेळी विसरली. आता पुन्हा नापास झाली तर नोकरी हातची जाणार होती. साडूनं तिची पुस्तकं कपाटात कोंडली आणि तिला मोटारसायकलवर बसवून गावोगाव हिंडवलं. मी म्हटलं, झालं, बुडवलं पोरीला! पुण्यात परीक्षक बाईंनी तिला विचारलं, आत्ता कसं वाटतंय? एस्तेर म्हणाली, “कारखान्याच्या गेटवर उभ्या उसाच्या ट्रॉलीसारखं. ट्रॉली पुढे सरकत नाही, आणि ऊस उभ्या उभ्या वाळतोय.” बाईंना ऊस का वाळतो ते कळेना. एस्तेरने वजन कसं घटतं, ड्रायव्हर कसे ट्रॉलीखाली झोपतात, सगळं समजावलं. त्या नादात भीती कुठल्या कुठे पळाली. उत्तम गुणांनी पास! साडू महिनाभर असा ताठ चालत होता की मला त्याच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटायची.

एस्तेर आयर्लंडला गेली. रविवारी तिचा फोन येतो आणि साडू तो स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवतो. परवा मी तिथेच होतो. त्यानं विचारलं, “कसं वाटतंय गं तिथं?” ती बापाचीच लेक. म्हणाली, “पप्पा, ओहोटीला किनाऱ्यावर होड्या असतात ना, तसं.”

साडूनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं ओहोटी कधी पाहिलेली नाही. मीही नाही. फोनवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “म्हंजे बरं हाय का वाईट?” त्याचा चेहरा पार उतरला होता.

मग त्यानं हात काढला. “बाई गं, साध्या भाषेत सांग.”

“आठवण येते पप्पा. लई.”

“मलाबी,” साडू म्हणाला, आणि फोन मेहुणीकडे दिला.