रुद्रप्पाचा रूळ

युसूफ वडगावच्या अलीकडच्या फाट्यावर उतरा आणि फादरची शाळा कुठं म्हणून विचारा. माणूस बोट दाखवील आणि वर विचारील, "रुद्रप्पामामा हाय का अजून?" पाटीवर शाळेचं नाव ठळक आहे, ते कोणी घेत नाही. चाळीस वर्षांत किती फादर आले नि गेले, त्यांची नावंही कोणाला सांगता यायची नाहीत. शिपाई मात्र सगळ्यांच्या ध्यानात आहे. फादरांनी शिकवलेलं बरंचसं पुसून गेलं, रुद्रप्पानं दिलेलं तळहातावर राहिलं.

रुद्रप्पा जातीचा लिंगायत, आणि पक्का. पहाटे आंघोळ, डाव्या हातावर इष्टलिंग ठेवून पूजा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मग पाण्याचा पहिला घोट. आठव्या वर्षी स्वामींनी दीक्षा दिली तेव्हापासून चांदीच्या डबीतलं ते लिंग गळ्यातल्या शिवदोऱ्यावर होतं, पूजेपुरतंच उतरायचं. वर खाकी सदरा चढवला की तो शाळेचीही घंटा मारी आणि चर्चचीही. नाताळचा केक अंड्याचा म्हणून त्यानं जन्मात तोंडाला लावला नाही, आणि चर्चची पायरी एक दिवस झाडल्याशिवाय ठेवली नाही. निवृत्तीनंतरही फादरांनी त्याला फाटकावर ठेवून घेतलं. म्हातारा घरी बसला तर बायकोला मारून टाकील, असं लोक चेष्टेनं म्हणत. बायको शिवगंगा त्यावर हसत नसे.

त्याच्याकडे एक शिसवी रूळ होता. हातभर लांब, गुळगुळीत, तेल पाजलेला. पोरं त्याला 'प्रसाद' म्हणत. पोरांना मारणं फादरांना शोभत नसे, सिस्टरांना तर नाहीच. मग ते कामही घंटेसारखंच शिपायाच्या गळ्यात. वर्गातून चिठ्ठी यायची आणि चिठ्ठीमागं पोरगं. रुद्रप्पा चिडत नसे, ओरडत नसे. "हात पुढं कर," एवढंच म्हणायचा. हात मागं घेतला की दुप्पट. सज्जन माणसांची शाळा अशीच चालते, कोणीतरी एक दुर्जन पगारावर लागतो.

सगळ्या शाळेत एकच तळहात कोरा राहिला, रुद्रेशचा. रुद्रप्पाचा एकुलता एक. त्याच्या नावाची चिठ्ठी आली तर रुद्रप्पा ती खिशात घालायचा आणि पोराला बाहेर उभं करून परत पाठवायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

रुद्रेश पाचवीत असतानाची गोष्ट. शाळेच्या आवारात मरियामातेची गुंफा आहे, तिच्यापुढं काच होती. मधल्या सुट्टीत दोन पोरं चिंचेवर दगड मारत होती, रुद्रेश आणि त्याचा जोडीदार हरिओम. रुद्रेशचा दगड चुकला, काच खळकन फुटली, मातेच्या पायाशी तुकडे पडले. घंटेपाशी उभ्या रुद्रप्पानं हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्या वेळचे फादर धावत आले, "कोणी फोडली?" रुद्रप्पानं पुढं होऊन मनगट धरलं ते हरिओमचं.

"म्या न्हाई मामा! आईच्यान म्या न्हाई!" पोरगं किंचाळलं आणि हात ओढायला लागलं. रूळ आडवा बसला, करंगळीवर. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आईनं हळद लावून चिंधी बांधली, पण बोट जुळलं ते वाकडंच. पुढच्या साली हरिओम आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला आणि शाळा सुटली ती सुटलीच. रुद्रेश पुढं शिकला आणि केजात किराणा दुकान टाकून बसला. रुद्रप्पानं ती गोष्ट कधी काढली नाही. काढण्यासारखं तरी काय होतं?

यंदा महाशिवरात्र रविवारी आली आणि लगेच तीन दिवसांनी कॅथलिक लोकांचा राखेचा बुधवार. शनिवारी दहावीचा पहिला पेपर. बुधवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, नवीन फादर उजागरे यांनी आपल्या वीसेक कुटुंबांच्या कपाळाला राख लावली. नगरकडचा तरुण माणूस, आवाज मऊ. दहावीच्या पोरांनी हे दारातून पाहिलं. आपल्याकडं अंगारा म्हटलं की कोण कोणाचा देव विचारतंय? पेपर तोंडावर आलेला. पोरं रांग लावून उभी राहिली. फादर म्हणाले, "बाळांनो, हे तुमच्यासाठी नाही. आमच्या लोकांचा उपास सुरू होतो आज. वर्गात जा."

पोरं तोंड पाडून चर्चला लागूनच्या फाटकाकडं आली. रुद्रप्पाला दया कधी येत नसे, पण त्या दिवशी आली. खिशातून शिवरात्रीच्या विभूतीचा खडा काढला, तीन बोटं घासली आणि एकेकाच्या कपाळावर ओढली. "घ्या बे. ह्यो माझ्या म्हादेवाचा हाय. आता नापास झालात तर हाडं मोडीन." पोरं हसली, पाया पडली.

त्यात हरिओमची पोरगी स्वप्नाली होती. जवळ दुसरी धड शाळा नव्हती, म्हणून त्यानं दात-ओठ खात तिला तिथंच घातली होती. दुपारी घरी गेली तेव्हा घामानं पट्टे पसरले होते, कपाळावर नुसती राख दिसत होती. बापानं विचारलं, "कुणी लावलं हे?"

"शाळंत लावलं. चर्चपाशी."

बास. हरिओमला तेवढंच पाहिजे होतं. पंचवीस वर्षं जे बोट वाकडं होतं त्याला धर्माचं निमित्त मिळालं.

गुरुवारी दहाला प्रार्थनेच्या वेळी दोन जीपा आणि दहाबारा मोटारसायकली फाटकावर आल्या. तीसएक माणसं, हातात पाइप, दांडकी. शाळेच्या बसचा ड्रायव्हर कय्युम शहाणा माणूस. त्यानं लहान पोरं मागच्या दारानं बसमध्ये कोंबली. रुद्रप्पानं फाटक लावलं आणि त्याच्याबाहेर उभा राहिला. रूळ हातात होता.

एक वाक्य पुरलं असतं. ती विभूती माझी हाय, म्हादेवाची हाय, एवढं सांगायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण समोर हरिओम होता आणि तोच वाकडा हात त्याच्या नाकासमोर नाचवत होता. "काय बे म्हाताऱ्या, धरम सोडलास व्हय? आमची पोरं बाटवतोस?"

पिढ्यानपिढ्या लिंग बांधणाऱ्या घरातल्या माणसाला हे ऐकवलं. रुद्रप्पाच्या डोक्यात तिडीक गेली आणि जिभेवरचं वाक्य तिथंच मेलं.

"हात पुढं कर," तो म्हणाला.

माणसं खो खो हसली. हरिओमही हसायला लागला, तेवढ्यात रूळ त्याच्या तोंडावर बसला. दोन दात पडले. मग हसणं थांबलं.

पहिला पाइप रुद्रप्पाच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. तो फाटकाला धरून राहिला, तेव्हा कोणीतरी बोटांवर दांडकं मारून त्याची पकड सोडवली. खाली पडल्यावर लाथा. चौसष्ट वर्षांच्या माणसाला मारू नये असा विचार त्या तिसांत एकाच्याही मनात आला नाही. फाटक मोडलं. बाकं वर्गातून बाहेर आली, तक्ते फुटले, गुंफेतल्या मरियामातेचं डोकं उडालं आणि चिंचेखाली गडगडत गेलं. फादर उजागरे "बोलू या, बसून बोलू या" म्हणत मधे आले. त्यांच्या कपाळावर वीट बसली आणि ते चर्चच्या पायरीवर कोसळले. रुद्रप्पानं पहाटे झाडलेल्या पायरीवरून रक्त खाली ओघळलं.

हरिओमनं रुद्रप्पाच्या छातीवर पाय दिला. सदरा फाटला होता आणि गळ्यातला दोरा दिसत होता. "क्रूस घातलाय म्हाताऱ्यानं!" तो ओरडला आणि हिसका दिला. जुना, मेण लावलेला दोरा लवकर तुटेना. मानेच्या कातडीत रुतला, मग तुटला. हरिओमनं चांदीची डबी मुठीत उंच धरली, कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. बाटग्याच्या गळ्यातला क्रूस तोडला, असं वर लिहून तासाभरात तो व्हिडिओ गावोगाव फिरला.

कय्युमनं दोघांना बसमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रुद्रप्पाच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, फादरच्या डोक्याला नऊ टाके पडले. पोलीस आले, पंचनामा झाला, अज्ञात तीस जणांवर गुन्हा नोंदला. त्या अज्ञातांत निम्मे पोलिसांच्या ओळखीचे होते.

संध्याकाळी शिवगंगानं पाण्याचा पेला ओठांना लावला. रुद्रप्पानं तोंड मिटून घेतलं.

"अवो, घोटभर तरी घ्या."

"अंगावर लिंग न्हाई. पाणी कसं घेऊ?"

स्वामींना बोलावू, नवीन लिंग बांधून घेऊ, असं तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, माझा देव कुणाच्या तरी मुठीत हाय, तो आल्याबिगर न्हाई. सलाइन लावू दिली, कारण ती हातातून जाते, तोंडातून नाही. शेजारच्या खाटेवरून फादर म्हणाले, "मामा, देव समजून घेतो."

"तुमचा घेत आसंल. माझा लई कडक हाय."

शुक्रवारी सकाळी त्यानं 'स्वतःच्या जबाबदारीवर जातो' अशा कागदावर वेडीवाकडी सही केली आणि हट्टानं फाटकाजवळच्या आपल्या खोलीत येऊन पडला. जीभ सुजली होती, ओठ फाटले होते. शिवगंगा उशाशी भरलेला तांब्या घेऊन बसली आणि रडत राहिली. आणखी एक दिवस, फार तर दोन, असं तिला स्वच्छ दिसत होतं.

तिकडं केजात रुद्रेशनं शुक्रवारी सकाळी तो व्हिडिओ पाहिला. तो क्रूस नव्हता हे त्याला पहिल्या नजरेत कळलं, आणि दुपारपर्यंत साऱ्या समाजाला कळलं. आमच्या लिंगाला क्रूस म्हणतो? पंधरा माणसं पिकअपमध्ये बसली. हरिओमच्या घराचं दार मोडलं तेव्हा तो कोपऱ्यात बसला होता. डबी त्याच्या देव्हाऱ्यात होती, वर जास्वंदाचं फूल. रात्री त्यानं ती उघडली होती आणि आत लिंग पाहून त्याच्यापुढं नाक घासलं होतं. परत नेऊन द्यायचं धाडस झालं नाही. स्वप्नालीच्या डोळ्यांसमोर त्याला केसांना धरून ओढत नेलं. वाटेत हाणला, पुन्हा हाणला आणि दिवस कलता रुद्रप्पाच्या दारात आणून टाकला. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं.

रुद्रेशनं डबी बापाच्या हातात दिली. रुद्रप्पाची बोटं दांडक्यानं सुजली होती, नवा दोरा शिवगंगालाच ओवावा लागला. त्यानं लिंग धुतलं, भस्म लावलं, डोळ्यांना लावलं, गळ्यात बांधलं. तो रडला. कोणी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. शिवगंगानं तांब्या पुढं केला.

"आप्पा, तुमी पाणी प्या," दारातून रुद्रेश म्हणाला. हातात लोखंडी पाइप होता. "तवर ह्याचं गुडघं फोडतो. जन्मभर रांगू द्या ह्याला."

रुद्रप्पानं तांब्या खाली ठेवला. "माझा रूळ कुठं हाय?"

शिवगंगानं तो फाटकातून उचलून आणला होता. वाळलेल्या रक्तासकट तिनं त्याच्या हातात दिला. बाहेरची माणसं खूश झाली. म्हातारा स्वतःच्या हातानं मारणार, चांगलंच झालं! भिंत धरत, बरगड्या दाबत रुद्रप्पा बाहेर आला.

हरिओमनं सुजलेल्या डोळ्यांतून रूळ पाहिला. आणि त्याचा हात पुढं आला. कोणी सांगितलं नव्हतं. तळवा वर, कोपर सरळ, जसं शाळेत शिकवलं होतं तसं. टोकाला ती करंगळी वाकडी.

रुद्रप्पा त्या बोटाकडं बघत उभा राहिला. त्याला लाज वाटली. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा. मग तो वळला.

"रुद्रेश, हात पुढं कर."

"आँ? आप्पा, मी कावून?"

"मरियामातेची काच कुणी फोडली व्हती?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. रुद्रेशचं तोंड उतरलं. "आप्पा, ती पोरपणची गोष्ट..."

"म्या बघितलं व्हतं. हात पुढं कर."

छत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, तालुक्यातला दुकानदार. त्याला पळता आलं असतं, बापाला एका हातानं बाजूला सारता आलं असतं. त्यानं पाइप टाकला आणि हात पुढं केला. पहिला रूळ बसला. मारताना रुद्रप्पाच विव्हळला, मोडक्या बरगड्या आत टोचल्या. दुसरा बसला. तिसऱ्याला त्यानं रूळ आडवा केला आणि करंगळीवर घातला. तोच आवाज झाला. रुद्रेश मातीत बसला आणि हात पोटाशी धरून ओरडायला लागला. शिवगंगा धावली.

न्याय असा नसतो. पण रुद्रप्पाला दुसरा येत नव्हता. पिकअपमधून आलेल्या माणसांत गुडघे फोडायची भाषा पुन्हा कोणी केली नाही.

रुद्रप्पा उंबऱ्यावर बसला, तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग तोंड पुसून तो हरिओमला म्हणाला, "घरी जा. पोरीचा पेपर हाय उद्या."

हरिओम जाईना. तो तिथंच गुडघ्यांवर बसून होता आणि त्याचा हात अजून पुढंच होता.