सासूबाईंच्या जिभेवरचा पहारा

कल्याणला स्टेशनजवळच्या चाळीत आम्ही राहत होतो, तेव्हा एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सदैव जागं राहण्यावर आणि जिभेवर पहारा ठेवण्यावर उपदेश केला. अर्ध्या उपदेशात सासूबाई पेंगत होत्या. उरलेला अर्धा मात्र त्यांना भलताच लागला. घरी येऊन चपला काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "माझी जीभ वाईट आहे. ईस्टरपर्यंत मी कुणाबद्दल वाकडं बोलणार नाही. बोलले, तर तू पेल्यावर चमचा वाजव."

सुनेच्या हाती असं हत्यार देणारी सासू मी तरी दुसरी पाहिली नाही. मला मनापासून आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही. दूधवाल्याचं पाणी, वाण्याचं माप, नणंदेच्या सासरची माणसं, कशाचाही विषय निघाला की मी टण्णकन चमचा हाणायची. दोन-तीन दिवसांत सासूबाईंनी बोलणंच टाकलं. शेजारणी येत, रेशनच्या साखरेचा चहा पीत आणि काहीच हाती न लागता उठून जात. घर इतकं गप्प झालं की मलाच करमेना.

मग सासूबाईंना वाट सापडली. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या डोळे मिटून म्हणाल्या, "हे प्रभो, आमच्या दूधवाल्याला सुबुद्धी दे. तो पाणी घालतो हे तुला ठाऊकच आहे." मी चमचा उचलला आणि मुकाट्याने खाली ठेवला. प्रार्थनेत कसा वाजवणार? त्यानंतर प्रार्थना रोज लांबत चालली. चाळीतलं एकेक बिऱ्हाड देवापुढे हजर होऊ लागलं. एकदा या घरात भाकऱ्या करपवणाऱ्या हातांसाठीही कृपा मागून झाली. हात माझेच होते. मी दातओठ खात आमेन म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी मंडळीतल्या बायांची प्रार्थनासभा आमच्या घरी होती. ठाण्याच्या कोपरीहून एक बाई मुद्दाम आल्या होत्या. आमच्या समोरच्या खोलीतली मुलगी त्यांना मुलासाठी बघायची होती. त्या मुलीची सोयरीक आधी एकदा मोडलेली. त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता आणि तिचे वडील ते सगळं कोपरीला जाऊन स्वतः सांगणार होते. पण एवढ्या बायांच्या देखत ते सासूबाईंच्या तोंडून निघालं असतं, तर ही सोयरीकही तिथेच बारगळली असती. मुलगी माझ्याच शेजारी डोळे मिटून बसली होती.

सासूबाईंची पाळी आली. आजाऱ्यांसाठी झालं, प्रवाशांसाठी झालं, आणि मग त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज मी चांगला ओळखून होते.

"आणि प्रभो, समोरच्या खोलीतल्या आमच्या लेकराला सांभाळ. आधी एकदा तिच्या नशिबी जे आलं..."

शेजारची मुलगी एकदम ताठ झाली. मी चहासाठी मांडून ठेवलेल्या भांड्यांतला पेला पुढे ओढला आणि सगळा जोर लावून चमचा हाणला.

सगळ्यांचे डोळे उघडले. "काय झालं?" कोपरीच्या बाईंनी विचारलं.

"चहा झाला," मी म्हणाले. चूल अजून पेटलीही नव्हती. सासूबाईंनी घाईघाईने आमेन म्हटलं.

बाया गेल्यावर मी बोलणी खायच्या तयारीने कपबशा विसळायला बसले. भर प्रार्थनेत, चार लोकांत सासूला गप्प केलं होतं. सासूबाई येऊन पाटावर बसल्या.

"मी त्या पोरीसाठीच मागत होते गं," त्या म्हणाल्या.

"देवाला माहीत नव्हतं का, आई?"

"होतं." विसळलेली एक बशी पुसायला घेत त्या म्हणाल्या, "त्या बाईला माहीत नव्हतं."

इतके दिवस चमचा वाजवताना मला मजाच वाटत होती. त्या वेळी मात्र मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. त्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थना मनातल्या मनात केली. मी कान टवकारून बसले होते, पण मला एक शब्दही ऐकू आला नाही.