डाग मशीनचा की माणसाचा?

गॅमा कॅमेऱ्याशेजारी पंधरा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन अंगाला चिकटतात. फक्त चारचौघांत सांगायला लागलो की लोक हळूच आपली खुर्ची मागे सरकवतात!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून लागलो. आमचा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. पेशंटच्या शिरेत किरणोत्सारी औषध द्यायचं, तीन तास बसवून ठेवायचं, मग शरीरच चमकायला लागतं आणि कॅमेरा नुसता बघतो. हाडात जिथे गडबड, तिथे डाग. डाग दिसला की मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, मला एकच विचारायच्या, "मशीनचा की माणसाचा?" मी 'मशीनचा' म्हटलं की माणूस सुटला. आणि माझं चुकलं, तर तो कॅन्सर घेऊन घरी! खरं सांगतो, त्या प्रश्नाची मला कायम भीती वाटायची.

रोज सकाळी रिकाम्या टेबलाचा एक फोटो घ्यायचा, ही आमची पद्धत. तो काळाकुट्ट यायला हवा. पहिल्याच आठवड्यात त्यात माणूस आला. धूसर, खांदे पाडून बसलेला.

पेशंटला टेबलावर चढवणारे आमचे भिकामामा, मखमलाबादकडचे. त्यांनी आधी चपला काढल्या, मग हात जोडले. "साहेब, कोणतरी बसलंय वो!"

अर्ध्या तासानं उलगडा झाला. त्या दिवशीचा पहिला पेशंट इंजेक्शन घेऊन भिंतीपलीकडच्या बाकावर टेकून बसला होता आणि कॅमेऱ्याचं तोंड नेमकं त्या भिंतीकडे होतं! आम्ही बाक हलवला. मामा मात्र तेव्हापासून रिकामं टेबल पुसतानाही "सरका जरा" म्हणायचे.

औषध मुंबईहून टॅक्सीनं यायचं, शिशाच्या डब्यात. दर सहा तासांनी ते आपोआप निम्मं होतं, म्हणून सलीमभाई ड्रायव्हर कायम घाईत. एकदा नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये हवालदारानं डब्यावर दांडकं आपटलं. "काय रे यात?"

"साहब, जो भी है, आपके पूछने तक और कम हो गया!"

शिट्ट्या मारून हवालदारानं अख्खा चौक मोकळा करून दिला.

थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन पाजतात. मग पेशंटला काही दिवस एकटं ठेवायचं, जेवणसुद्धा दारात. मालेगावकडच्या एका आजी दुसऱ्याच दिवशी ओरडायला लागल्या, "आठे कोण शे? आठे कोण शे?" म्हणजे इथे कोण आहे? म्हणे भिंत मेलेल्या माणसांची नावं घेते!

नर्स घाबरली. मी गेलो, तर इंटरकॉम चालूच राहिलेला. इकडे आमचे मामा चहा पीत पेपरातल्या निधनवार्ता मोठ्यानं वाचत होते. मी बटण बंद केलं, आजींना दारातूनच सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "मनं नाव अजून नही उनं ना?" माझं नाव अजून आलं नाही ना, एवढंच त्यांना हवं होतं.

एका तरण्या मुलाच्या स्कॅनमध्ये तीन हात आले. दोन त्याचे, तिसरा खांद्यावर. पाचही बोटांची हाडं स्पष्ट! मॅडमचा नेहमीचा प्रश्न, "मशीनचा की..." आणि त्या मध्येच थांबल्या.

मी काचेतून खोलीत पाहिलं. नंबराची वाट बघणारे एक म्हातारे शेतकरी, त्यांनाही इंजेक्शन दिलेलं, आत येऊन उभे होते. मुलगा थरथरतोय म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता. "त्याला लय भ्या वाटतंय, तुमचं चालू द्या," असं उलट आम्हालाच सांगितलं. स्कॅन पुन्हा करावा लागला, पण मॅडमनी म्हाताऱ्यांना आतच उभं केलं, फक्त दोन हात लांब.

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

कॅमेऱ्याची दुरुस्ती झाली की मी मामांना टेबलावर झोपवून एक फेरी मारायचो, टेबल नीट सरकतंय ना बघायला. इंजेक्शन नाही, काही नाही. फोटो अर्थातच काळा.

त्या दिवशी डाव्या खुब्यात डाग आला. शेंगदाण्याएवढा.

मी टेबल पुसलं, चादर बदलली, मामांना नवे कपडे दिले. डाग तिथेच. मी स्वतः झोपलो, काळं. पुन्हा मामा झोपले, डाग! औषधाशिवाय माणूस चमकत नाही हो, मी शिकलोय ते! इंजिनिअरनं मशीनच्या नोंदवहीत भुताटकी लिहायची का?

"काय साहेब, बरं हाय ना?"

"मशीनचा डाग आहे मामा. जा तुम्ही."

वहीतही तेच लिहिलं आणि फिल्म त्याच पानात ठेवून दिली. मॅडमना सांगितलं नाही.

चार महिन्यांनी मामा लंगडत आले. मॅडमनी रीतसर इंजेक्शन देऊन स्कॅन काढला. मी वहीतून जुनी फिल्म काढून आणली. मॅडमनी दोन्ही एकावर एक धरून उजेडासमोर नेल्या. डाग डागावर बसला, फक्त नवा मोठा होता.

"या जुन्या फिल्मला डोस किती दिला होता?"

"दिलाच नव्हता, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. मामा टेबलावरच होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. पेशंटना सांगायचे तसे ते जराही न हलता पडून होते, छताकडे बघत.

"साहेब," ते म्हणाले, "मग तेव्हाच का नाय सांगितलं?"