खोक्यातलं जास्तीचं अस्तर

त्यांना सगळे कानसेन म्हणत. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. तरुणपणी कुणाच्याही घरी गेले की हे गृहस्थ आधी तिथल्या कपाटावर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि "मागची फळी सुटलीय तुमची" असं सांगून मोकळे होत. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. पहिल्यांदा कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "आले कानसेन." पण फळी खरोखरच सुटलेली निघाली आणि थट्टेचं नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. आता साठीला दोन वर्षं उरली होती आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर राहिलं होतं.

धंदा स्पीकरचे खोके बनवण्याचा, त्यातही खर्जाचे. बेस गिटारवाले, छोट्या सभागृहांचे मालक, घरी बसून गाणी ऐकणारे शौकीन, असलं गिऱ्हाईक. लोकांना वाटतं आवाज स्पीकरमधून येतो. अर्धाच येतो. उरलेला खोका काढतो, आणि तो कुणी न विचारता काढतो. प्लायच्या भिंती खर्जाच्या सुराबरोबर थरथरायला लागतात आणि सूर तोडला तरी मागे "घूं" करत राहतात, दारात चपला घालूनही बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारख्या. त्यावर उपाय आतल्या अस्तराचा. पातळ फळी घ्यायची, एका अंगाला जड डांबरी पट्टा, दुसऱ्या अंगाला लोकरीचं जाड फेल्ट, आणि ही फळी आतून भिंतीवर बसवायची. कमी पडली तर खोका घुमतो. जास्त झाली तर आवाज गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. मधली जागा केसाएवढी असते आणि ती कानानंच सापडते.

इतर लोक अस्तर गोंदानं चिकटवतात. कानसेनांच्या घराण्यात स्क्रूनं बसवायची रीत होती. वडील म्हणायचे, चिकटवलेलं परत घेता येत नाही. प्रत्येक फळीच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा आणि तारीख, कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि खोक्याच्या पाठीला वेगळे सोळा. कानसेन हे सगळे असे पिळून आवळत की शेवटच्या वेढ्याला स्वतःचाच ओठ चावला जाई.

त्या सोमवारी गिटारवाल्या बाई आपला खोका घेऊन कारखान्यात आल्या. बारा वर्षांपूर्वीचा, कानसेनांच्याच हातचा. शनिवारी त्यांचा कार्यक्रम होता.

"काका, एका सुराला हा फार घुमतो हो. बाकी सगळं ठीक आहे. तेवढं बघा."

"शुक्रवारी चारला या," कानसेन म्हणाले. असल्या कामाला त्यांना खरं तर एक दुपार पुरायची.

पाठ उघडली, दोन्ही बाजूंना एकेक फळी बसवली, पाठ लावली. सूर काढायचं जुनं यंत्र जोडलं, बटण फिरवत बाईंनी सांगितलेल्या सुरावर आणलं. खोका बोलायला लागला. कानसेनांनी कान जवळ नेला आणि सूर तोडला.

घूं... मागे राहिलंच.

त्यांनी आणखी दोन फळ्या बसवल्या. सूर लावला, तोडला. घूं. मंगळवारी वरच्या भिंतीला एक, तळाला एक. घूं. त्यांची लेक शेजारच्या टेबलावर तारा जोडत होती. तिशीची, सात वर्षं बापाबरोबर कामाला, हात बापापेक्षा हलका आणि तोंड आईसारखं. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि परत खाली घातली.

बुधवारी कानसेनांनी घरून निघताना स्वयंपाकघरातून मोहरीची पुडी घेतली.

"अहो, मोहरी कशाला?" बायकोनं विचारलं.

"काम आहे."

"फोडणी देताय का खोक्याला?"

त्यांनी पुडी खिशात टाकली. मोहरीची परीक्षा ही शिकाऊ माणसांची. खोका आडवा करायचा, भिंतीवर मोहरी पसरायची, सूर लावायचा. भिंत जिथं थरथरते तिथली मोहरी नाचते, सूर तोडला की किती वेळात थांबते ते डोळ्यांनी दिसतं. कानसेनांनी ही परीक्षा तीस वर्षांत केली नव्हती आणि करणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली होती. आता त्यांनी मोहरी पसरली, सूर लावला. दाणे जागचे हलले नाहीत. चारही भिंती करून झाल्या. मोहरी मख्ख बसून होती.

सूर तोडला. घूं...

कानसेन मोहरीवर चिडले. दाणे जड आहेत, जुने आहेत, दमट झालेत, असं काय काय त्यांनी मनात म्हटलं आणि पुन्हा पाठ उघडली. स्वतःच्या कानावर शंका घ्यावी हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्या जगावर शंका घेऊन झाली तरी आलं नाही.

आलं ते गुरुवारी. लेक स्क्रू आणायला बाहेर गेली होती. खोक्यात तोवर दहा फळ्या झाल्या होत्या. कानसेनांनी सूर लावला, तोडला, ऐकलं. मग सहज म्हणून अँप्लिफायर बंद केला. आवाज तसाच. यंत्राची पिन भिंतीतून उपसली. तसाच. ते मागच्या दारानं अंगणात गेले, भिंतीशी उभे राहिले आणि दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबले. बाहेरचं सगळं बंद झालं आणि तो घूं मोठा झाला.

उलट्या बादलीवर ते बसले. घूं खोक्यात नव्हता. चार दिवस ते प्लायला अस्तर लावत होते आणि आवाज त्यांच्या डोक्यात होता. त्यांना भीती वाटली, अशी की लहानपणी विहिरीत डोकावताना पाय सटकला होता तेव्हाही वाटली नव्हती. बरोबर कुणीच नव्हतं म्हणून ती लपवायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी तोंडावर हात धरला.

कारण हे त्यांनी आधी पाहिलेलं होतं. वडिलांचं.

वडील साठीच्या आसपास बहिरे झाले. एका दिवसात नाही. हळूहळू, वरच्या सुरांपासून. शेवटी शेवटी कुणी काहीही बोललं तरी हसून "हो, हो" म्हणायचे. "आजोबा, घराला आग लागली" असं गल्लीतली पोरं मुद्दाम म्हणायची आणि म्हातारा हसून "हो, हो" म्हणायचा. सगळे हसत, कानसेनही हसत. आणि त्या वर्षांत वडील खोक्यांत अस्तर भरत सुटले होते. चार पुरतील तिथं नऊ फळ्या. सूर गोधडीत जायचा. मग तरुण कानसेनांनी एक युक्ती काढली. वडील दुपारी जेवायला घरी गेले की तयार खोका उघडायचा, जास्तीच्या फळ्या काढायच्या, प्लायच्या थप्पीमागे टाकायच्या आणि पाठ परत लावायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं, वडील म्हणायचे "बघ, कसा बोलतोय." असं चार वर्षं चाललं. वडिलांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

ही गोष्ट कानसेन घरी फार रंगवून सांगत. वडिलांचा आवाज काढत. त्यातला सगळ्यांच्या आवडीचा भाग स्क्रूंचा होता: "शेवटी शेवटी म्हाताऱ्याच्या मनगटात दमच राहिला नव्हता. स्क्रू अर्धेच आवळायचा. मला बरंच होतं, दहा मिनिटांत पाठ हातात." जेवणाच्या पंगतीला ही गोष्ट हमखास खपायची.

लेक स्क्रू घेऊन आली. येताना दारातून काहीतरी बोलली. कानसेन तिच्याकडे पाहून म्हणाले, "हो, हो."

आणि आपल्याच तोंडून निघालेलं त्यांनी ऐकलं. कधीपासून म्हणतोय आपण हे? गेल्या महिन्यात? गेल्या वर्षी? पाठमोरं कुणी बोललं की हसायचं, हे अंगवळणी पडलं कधी? आपण बनवलेल्या गेल्या दहा-वीस खोक्यांचं काय झालं असेल? गिऱ्हाइकं भिडेपोटी गप्प बसली असतील, की मागे हसत असतील?

शुक्रवारी सकाळी त्यांनी अकरावी फळी बसवली. एवढी नको हे कळत होतं. पण किती काढायच्या तेही कळत नव्हतं, आणि लेकीसमोर हात थांबला तर ती कारण विचारील याची धास्ती होती. पाठ लावली, सोळाही स्क्रू पिळले आणि नेहमीसारखे जेवायला गेले. घास गिळेना. पडल्या पडल्या ते छताकडे बघत राहिले. चार वाजता बाई वाजवणार, आवाज कोंदट येणार, बाई विचारणार, "काका, हे काय केलंत?" आणि बापाचं ते हसू त्यांच्या तोंडावर येणार.

चारला बाई आल्या. गिटार जोडली. कानसेन भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी तोच सूर छेडला आणि तळव्यानं तार दाबली. कानसेन ऐकत नव्हते, ऐकण्यात अर्थ नव्हता. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. फाशीचा निकाल वाचणाऱ्याकडे माणूस जसा बघेल तसे.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग खालीवर, भराभर, एक अख्खी चाल. आणि हसल्या.

"काका, काय मोकळा बोलतोय हो हा. नवा असतानाही असा नव्हता."

कानसेन "हो, हो" म्हणाले. बाई गेल्या तरी ते भिंतीलाच टेकून होते. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. अकरा फळ्यांचा खोका मोकळा बोलूच शकत नाही. कान गेले असले तरी तेवढी अक्कल शाबूत होती.

लेक टेबल पुसत होती. आधीच पुसलेलं टेबल.

ते मागच्या खोलीत गेले. प्लायची थप्पी भिंतीला लावून उभी होती. त्यांनी तिच्या मागे हात घातला. बोटांना फेल्ट लागलं.

एकेक करून त्यांनी फळ्या बाहेर काढल्या. वरच्या सात आज निघालेल्या, बाईंच्या खोक्यातल्या. त्याखाली आणखी. त्याखाली आणखी. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्याच हातचा आकडा, त्यांच्याच हातची तारीख. सर्वांत खालची चौदा महिन्यांपूर्वीची होती. ते जमिनीवर बसले आणि फळ्या नुसत्या बघत राहिले. चौदा महिने. ज्या भीतीला ते कालपासून एकटे ओळखत होते, ती या थप्पीमागे वर्षभर राहत होती.

लेक दारात येऊन उभी राहिली.

"का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

ती समोर येऊन बसली, त्यांना तोंड दिसेल अशी. "तुम्ही आजोबांना सांगितलं होतंत?"

त्यांनी हातातली फळी खाली ठेवली.

"तुम्हीच तर शिकवलंत," ती म्हणाली. "दुपारी जेवायला गेले की उघडायचं. थप्पीमागे टाकायचं. पन्नासदा ऐकलंय मी." मग तिनं उजवा हात पुढे केला. तळव्याला फोड आला होता. "पण आजोबांचं बरं होतं. ते अर्धे आवळायचे. तुमचे सोळा स्क्रू काढता काढता माझा जीव जातो. दोन स्क्रूड्रायव्हर मोडले आत्तापर्यंत."

कानसेनांनी तो फोड पाहिला, आणि वडील गेल्यानंतरच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वडिलांची मनगटं डोळ्यांसमोर दिसली. बहिरे झाल्यावरही वडील लाकडाचे ओंडके एका हातानं उचलत. मरायच्या महिन्याआधी त्यांनी पाण्याची टाकी एकट्यानं सरकवली होती. मनगटात दम नव्हता, असं कोण म्हणतं? त्यांना स्क्रू नक्कीच आवळता येत होते. पाठ उघडली जाते हे त्यांना ठाऊक होतं. कोण उघडतं तेही. पोराला सोपं जावं म्हणून म्हातारा अर्ध्यावर थांबायचा, घरी जाऊन सावकाश जेवायचा, आणि परत येऊन म्हणायचा, बघ, कसा बोलतोय. चार वर्षं. एकटाच. आणि पोरगा पंगतीला त्याची नक्कल करायचा.

त्यांना रडू आलं. लेकीसमोर आलं आणि त्यांनी ते थांबवलं नाही.

"मला फार भीती वाटतेय," ते म्हणाले. "कालपासून. जेवण जात नाही."

"मला वर्षभर वाटतेय," ती म्हणाली.

मग कानसेनांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या पुढ्यात ठेवला. "आजपासून अस्तर तू ठरवायचं. मी फळ्या कापून देईन. आणि उद्या कानाच्या डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. मी एकटा जाणार नाही. ते काय म्हणतात ते मला नीट कळलं नाही तर तू ऐक."

लेक उठली. फळ्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून ती वळली आणि चालता चालता, पाठमोरीच, काहीतरी बोलली. कानसेनांच्या ओठांवर ते हसू आपोआप आलं. "हो" तोंडात तयार होता.

त्यांनी तो गिळला.

"काय म्हणालीस?" ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. परत सांग."