ग्रँटचा अर्ज आणि उसनी सतरंजी

अण्णाजी, गुडघा कसा आहे? काशीताई, खोकला थांबला का? अकोल्याचे करीमभाई, डोळ्याची पट्टी सुटली का? मी बरा आहे, पण आज डोकं चालेनासं झालं, म्हणून तिघांनाही एकच मजकूर लिहितो.

आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेसाठी मी सरकारी ग्रँटचा अर्ज लिहिला होता. बसायला चटई नाही, फळा फुटका, पाण्याला रांजण नाही. सारं खरं. आज तेच पाहायला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले.

पाहुणा येणार म्हणून गावानं सकाळीच घरोघरचं सामान आणून मांडलं. पाटलांची सतरंजी, कुणाचं घड्याळ, कुणाचा पितळी हंडा. फळा मुलांच्या शाळेतून आणला. मीच म्हणालो होतो, "आणा रे, गावाची शोभा दिसली पाहिजे."

साहेबांनी अर्ज वाचला, मग खोली पाहिली. "आजोबा, इथं तर सगळंच आहे. अर्ज खोटा का लिहिला?"

"अर्ज खराच आहे साहेब. सामान उसनं आहे."

"म्हणजे मला फसवत होता?"

"नाही जी, तुमचा मान ठेवून राहिलो होतो."

साहेब हसले नाहीत. आठ दिवसांत नवा अर्ज मागितला. पुन्हा पाहायला येतो म्हणाले. ग्रँट आली नाही तर दिवाळीनंतर शाळा बंद.

शाळेच्या बाई म्हणतात, उसन्या सामानाचंही लिहून टाका. पाटील म्हणतात, "मंग गावाची अब्रू काय राहीन?" मला दोघांचंही पटतं.

आणि साहेब पुन्हा आले, तर त्यांना भुईवर बसवायचं का? मला तर धीर होत नाही. तुम्ही काय केलं असतं? लवकर लिहा.